तेविसावी काडी

सुगंधाबाईचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तिनं कधी लपवली नाही. लग्नाची पत्रिका आली की आपलं नाव मागाहून पेनानं घुसवलंय का, ते ती उन्हात धरून बघायची. शेजारणीनं वाटीभर भाजी पाठवली तर आधी नवऱ्याला खायला लावायची. "मी मेलो त वाटी धुवून परत कर बरं," लटारू म्हणायचा आणि मुकाट खायचा. चाळीस वर्षांत त्याला सवय झाली होती.

पण खरं सांगायचं तर वैनगंगेच्या पात्रात डांगरवाडी करणाऱ्या बाईला संशयी राहावंच लागतं. ना सातबारा, ना बांध. पावसाळ्यात जिथं दोन पुरुष पाणी, तिथंच उन्हाळ्यात डांगरं आणि काकड्या. संक्रांत झाली, पाणी उतरलं, की गावातले सारे मासेमार ढिवर वाळूत उतरतात आणि आपापल्या जागेवर पळसाची काडी रोवतात. ज्याची काडी, त्याची त्या हंगामापुरती जागा. कागद नाही, अंगठा नाही. मात्र दुसऱ्याची काडी उपटायची नाही. उपटली, तर पुढच्या साली त्या घराला वाळूत जागा मिळत नाही. सासऱ्याच्या आधीपासून हे असंच चालत आलेलं.

सुगंधाबाईनं त्यात स्वतःची एक भर घातली होती. रोज दिवस बुडताना ती पळसाच्या डहाळीनं वाडीभोवतीची वाळू झाडून सपाट करायची आणि सकाळी चहाच्या आधी ती वाळू वाचायची. कोल्हा आला का, डुक्कर आलं का, नथ्थू आला का. नथ्थू म्हणजे शेजारच्या वाडीवाला. त्याचं पाऊल फेंगडं, टाचेवर भार. त्याच्या कुत्र्याचा पंजा, त्याच्या बायकोच्या चपलेचा ठसा, सगळं हिला पाठ. हिचं स्वतःचं पाऊल तर गावातलं पोरही ओळखायचं. डाव्या पायाची करंगळी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मासेमारीच्या डोंग्याखाली चिरडून गेली होती, त्यामुळे वाळूत चारच बोटं उमटायची.

वाडीच्या पलीकडे गुडघाभर पाणी ओलांडलं की वाळूचा एक उंचवटा होता. होळीच्या सुमारास तिथं दरसाल पाखरं उतरायची. अंग राखाडी, चोच पिवळीधम्मक, शेपटीला दोन लांब काड्या आणि डोक्यावर काळी टोपी. सुगंधाबाई त्यांना टोपीवाले म्हणायची. टोपीवाला नदीवर एका जागी पंख हलवत थांबायचा, मग दगडासारखा पाण्यात पडून मासोळी घेऊन वर यायचा. ती मासोळी तो मादीपुढे धरायचा, पण मादी काही लगेच घ्यायची नाही. मान वाकडी करून आधी नीट बघायची. "शहाणी आहे," सुगंधाबाई म्हणायची. घरटं तरी कसलं, पोटानं उकरलेली वाळूची वाटी, आत दोन-तीन ठिपक्याठिपक्यांची अंडी, वाळूच्याच रंगाची. आणि मायबाई, पाखरू घरट्यावर कधी सरळ जायचं नाही! कोणी बघतंय असं वाटलं की दूर उतरायचं, उगाच इकडंतिकडं चालायचं, डोकावायचं, मग बसायचं. गावात एवढी अक्कल कोणाला नव्हती, असं तिचं मत.

यंदा चैत्रात त्या उंचवट्यावर एक पोरगी दिसली. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, पाठीवर पिशवी. ती वाकून बघायची, वहीत लिहायची आणि वाळूत बांबूची काडी रोवायची. काडीला पिवळी पट्टी, पट्टीवर आकडा. दोन वर्षांपूर्वी खालच्या अंगाला अशाच काड्या लागल्या होत्या. मग रेतीघाटाचा लिलाव झाला, ट्रॅक्टर उतरले, आणि तिथल्या अकरा घरांच्या वाड्या जागच्या जागी संपल्या. त्यातली निम्मी घरं आता तेलंगणात मिरची तोडायला जातात.

ती पाण्यातून तरातरा पलीकडे गेली. "काय मोजून राह्यली वो पोरी?"

"घरटी, मावशी. मी मोनाली, चंद्रपूरहून आले. पाखरांचा अभ्यास करते. अंडी दिसत नाहीत ना, कोणाचा पाय पडू नये म्हणून काड्या लावून ठेवते."

"अंडी मोजाले कोन पगार देते?"

मोनाली हसली आणि घुटमळली. "अजून... म्हणजे एक अर्ज केलाय. काम झालं की सांगेन."

झालं! अर्ज म्हटला आणि सांगितला नाही. सुगंधाबाईला आणखी काय पाहिजे होतं? मोनालीलाही आपली भीती होती म्हणा. ठेकेदाराच्या माणसांना कुणकुण लागली तर अंडी रातोरात नाहीशी होतील, असं तिला वाटत होतं.

"कोनाची काडी उपटू नोको," लटारूनं घरी बजावलं. "आपल्या हातची जागा जाइन."

"ते का आपल्यातली काडी आहे? ते घाटाची काडी आहे."

दोन दिवसांनी दुपारी अवकाळीचा एक शिडकावा झाला. दिवस बुडता बुडता, सगळे घराकडे वळल्यावर, सुगंधाबाई उंचवट्यावर गेली आणि काड्या उपटू लागली. टोपीवाले ओरडत उठले. डोक्यावर घिरट्या घालत, चोची मारायला खाली येत. तिनं पदर डोक्यावर घट्ट ओढला, एक डोळा आभाळाकडे ठेवला आणि एका काडीवरून दुसरीकडे जवळजवळ पळतच गेली. एका ठिकाणी पायाला काही ओलं लागलं. पावसाची ओल असेल, म्हणून ती थांबली नाही. तेवीस काड्या तिनं झोपडीच्या छपरात खोचल्या आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सकाळी उंचवट्याच्या एका टोकाला कावळे जमलेले दिसले. "नथ्थूचा कुत्रा!" ती वाडीतूनच ओरडली. "अंडे खाल्ले त्यानं!"

"माह्या कुत्रा बांधून होता, बाई," नथ्थू म्हणाला.

"तू त म्हनशीनच."

तिनं ते चार जणांत सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं. नथ्थूनं कुत्र्याला साखळी घातली आणि सुगंधाबाईशी बोलणं टाकलं. आणि जी रोज वाळू वाचायची, ती तिकडे पाऊल बघायला काही गेली नाही. काडी उपटणारीनं तिकडे फिरकू नये, एवढाच तिचा हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी मोनाली एका सरकारी साहेबाला घेऊन आली. उंचवट्यावर नजर टाकली आणि तिचा चेहरा पडला. साहेब उन्हानं वैतागलेला. "अहो, कुठं आहेत घरटी? तुम्ही लिहिलं वीसच्या वर म्हणून मी आलो. घरटी असली तर हा पट्टा लिलावाच्या यादीतून काढा असं लिहितो. इथं तर नुसती रेती आहे. परवा यादी जाते."

"मोबाईलमध्ये जागा नोंदलेल्या आहेत, सर. पण पाच-सात पावलांचा फरक पडतो. आत गेलो तर अंडीच फुटतील."

सुगंधाबाई झोपडीच्या दारात उभी होती. लिलावाच्या यादीतून काढा. तिनं ते शब्द मनात दोनदा फिरवले. म्हणजे या काड्या घाट आणायला नव्हत्या, थांबवायला होत्या. आणि त्या तिच्या छपरात होत्या. काढाव्या तर नथ्थू समोरच उभा, संक्रांतीला सगळ्यांपुढे सांगणार, आणि जागा गेली. न काढाव्या तर ट्रॅक्टर येणार, मग सगळ्यांच्याच जागा गेल्या. लटारू तिच्याकडे बघत होता.

तिनं हात वर करून काड्यांची मोळी ओढली. "मी उपटल्या," ती म्हणाली. "आता सारे इथी सावलीत बसा. कोनी हलू नोका, बोलू नोका."

"काय करताय, मावशी?" मोनालीनं विचारलं.

"ऊन तापू दे. अंडे भाजाले लागले का माय पानी आनते."

अर्ध्या तासात पाखरं सावरली. ऊन मी म्हणत होतं. एक टोपीवाली नदीवर खाली आली, पोट पाण्यात घासत गेली, वर उठली आणि उंचवट्यावर उतरली. इकडं चालली, तिकडं डोकावली, मग ओलं पोट अंड्यांवर टेकवून बसली. मग दुसरी. मग तिसरी. साहेब घाम पुसायचा विसरला. सुगंधाबाई ओठ मिटून बघत होती. ओंडक्यापासून सात पावलं, कुजक्या जाळ्याच्या उजव्या हाताला, दगडामागं. एकही जागा तिनं हातची जाऊ दिली नाही. तासाभरानं ती उठली, पाण्यातून गेली आणि खाली बघत, एकेक पाऊल टाकत, काडी रोवत सुटली. मोनाली आणि नथ्थू तिच्या मागं, तिच्या पावलावर पाऊल ठेवून. साहेब काठावरून मोजत होता. बावीस.

हातात एक काडी उरली. टोकाला जिथं कावळे जमले होते, तिथं ती गेली. वाळूची वाटी होती, कवच होतं, बलकाची वाळून पापडी झाली होती. आणि त्यात, अवकाळीच्या ओलीत बसून वाळलेलं, एक पाऊल होतं. डावं. चार बोटांचं.

नथ्थूही तिथंच उभा होता. त्यानं पाऊल बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"ते कुत्र्यानं खाल्लं का?" साहेबानं काठावरून विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. सगळं गाव तेच म्हणत होतं. वर एक टोपीवाली अजून घिरट्या घालत होती, पोट ओलं घेऊन, आणि तिला उतरायला जागा नव्हती.

"कुत्र्यानं नाई, साहेब," ती म्हणाली. "म्या फोडले. हा माह्या पाय होय." मग नथ्थूकडे न बघता, "कुत्र्याले सोड आता."

तो पट्टा त्या वर्षी यादीत आला नाही.

संक्रांत आली. ढिवर वाळूत उतरले. सुगंधाबाई काठावरच उभी राहिली, हातात काडी नव्हती. रिवाज तिलाही ठाऊक होता. सगळ्यांच्या काड्या लागल्या, आणि मग नथ्थू एक पळसाची काडी घेऊन चालत गेला. पार कडेला, पाखरांच्या उंचवट्यासमोर, त्यानं ती रोवली.

"हे सुगंधाबाईची," तो मोठ्यानं म्हणाला. "पाखराइच्या बाजूनं हेच बरी. इच्यावानी राखन कोन करते?" बाकीचे आपापल्या काड्यांकडे वळले. त्याचा कुत्रा काडीपाशी जाऊन बसला.

सुगंधाबाईनं डोळे पुसले. मग तिला वाटलं, याचा यात काय डाव असेल? संध्याकाळपर्यंत ती तेच घोकत होती. दिवस बुडताना तिनं नव्या जागेभोवतीची वाळू झाडून सपाट केली. सकाळी चहाच्या आधी बघायला गेली, तर नथ्थूचं पाऊल नव्हतं, कुत्र्याचंही नव्हतं. तरी ती वाकून पाण्याच्या काठापर्यंत शोधत गेली, आपलंच चार बोटांचं पाऊल पाखरांच्या उंचवट्याकडे गेलेलं दिसतं का ते.