एकच्या जागी दोनशे छप्पन्न

चूक माझी होती, आणि ती माझी आहे हे मला, एका माणसाची नोकरी त्यापायी गेल्यावर, आठवड्याभरात कळलंही होतं. कबूल करायला दोन वर्षं लावली.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपच्या मालकांना स्वतःचा कॉम्प्युटर बनवून दूध संस्थांना विकायचा होता. त्याचा सर्किट बोर्ड आमच्याकडच्या म्हाताऱ्या कारागिरानं, चाचांनी, जोडला होता. ते गडमुडशिंगीहून सायकलनं येत. रेडिओ दुरुस्तीत त्यांचं सोल्डरिंग नावाजलेलं. त्या बोर्डावर युनिक्ससारखी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायचं काम माझं. तिचा सगळा सोर्स कोड एका पाठ्यपुस्तकात छापलेला होता, पण वेगळ्या प्रोसेसरसाठी. आमच्या प्रोसेसरला चालेल असा तो मी बदलत होतो.

तीन महिने झाले तरी सिस्टीम उठेना. डिस्कवरच्या एक नंबरच्या ब्लॉकची, म्हणजे कप्प्याची, पाळी आली की मशीन दोनशे छप्पन्नावा शोधायला जाई आणि तिथंच अडे.

"बोर्ड कच्चा आहे," मी मालकांना सांगितलं. चाचांनी सोल्डरचा डाग देऊन सगळे सांधे पुन्हा केले. दोनदा. तिसऱ्या वेळी मी भिंग घेऊन त्यांच्या मागं उभा राहिलो, सगळ्यांसमोर.

"साहेब, सांधा सैल असला तर कधी बरोबर येतंय, कधी चूक," चाचा मान वर न करता म्हणाले. "ह्ये दरवेळी त्याच जागी चुकतंय की. तुमच्या लिवण्यात बघा."

"चाचा, हा रेडिओ न्हवं. डाग देणाऱ्यानं डाग द्यावा."

"चष्मा न्हाय, आंधळ्याची काठी द्या आता चाचास्नी," लेथवरचा कामगार म्हणाला. सगळ्यांत आधी मी हसलो. त्या शनिवारी मालकांनी चाचांना काढलं.

पुढच्या गुरुवारी मला सापडलं. ब्लॉकचा नंबर दोन बाइटांत ठेवताना पुस्तकातला प्रोसेसर लहान भाग आधी ठेवी, आमचा मोठा भाग आधी. डिस्क त्या प्रोसेसरच्या मशीनवर भरलेली. वाचताना बाइट उलटे करायचे मी विसरलो होतो, म्हणून एकचा दोनशे छप्पन्न होई. दोन ओळी बदलल्या. मशीन उठलं.

"काय होतं रं?" मालकांनी विचारलं.

"सांधेच. मी परत केले."

मालकांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

मग कुठलाही सांधा सुटला की वर्कशॉपात म्हणू लागले, "चाचा झाला." ते बाजारभर पसरलं. एकाही रेडिओवाल्यानं चाचांना कामाला घेतलं नाही. शेवटी दोन वर्षांनी मी गडमुडशिंगीला गेलो, तेव्हा ते दारात सायकलचं पंक्चर काढत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ट्यूब पाण्यात दाबली आणि बुडबुडे बघत राहिले.

"मला काय सांगतासा? मला तवाच म्हाईत हुतं. ज्यांच्याम्होरं हसलासा, त्यांच्याम्होरं सांगा की."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी, भिंग घेऊन उभा होतो त्याच चाचांच्या टेबलापाशी उभा राहिलो. मालक होते, लेथवरचा होता. चाचा आले नव्हते.

"चाचांचा बोर्ड पहिल्या दिवसापासून बरोबर होता," मी म्हणालो. "चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. मला ती सापडली, आणि मी खोटं बोललो. त्यांची भाकरी मी घालवली. तुम्हा सगळ्यांसमोर मी चाचांची माफी मागतो."