भाऊ माझा, ओळी त्यांच्या

‘‘हे तर कोणाचंही झालं जी,’’ असं म्हणून ताई चष्मा काढायच्या आणि पदराने पुसत बसायच्या. बाकीचं कवीने समजून घ्यायचं. आमच्या धनकवडीच्या काव्यमंडळात दर महिन्याला कुणाची ना कुणाची कविता या चष्म्यापायी पडायची. असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. ते दाद देत नाही, तरी कविता संपली की सगळे आधी त्याच्याकडेच बघतात.

माझे दोन संग्रह छापलेले, ताईंचा एकही नाही. मूळच्या यवतमाळच्या. पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, निवृत्तीनंतर पती गेले, तेव्हापासून एकट्याच राहायच्या. आवाज असा, की ‘चहा घेता का?’ एवढं विचारलं तरी माणूस सावरून बसायचा. तो आवाजही मला खुपायचा. वाटायचं, देवाने हा गळा मला दिला असता तर!

करोना आला आणि आम्ही सगळे कवी एकदम कामाला लागलो. मंडळ भरायचं त्या विरंगुळा केंद्राला कुलूप लागलं, पण मोबाइलवरच्या गटात कवितांचा नुसता पूर. मीही ‘काळोखाचे तांडव’ नावाची दीर्घ कविता टाकली. तिच्याखाली अंगठ्यांची रांग लागली. ताईंकडून काही नाही. चष्मा पुसत असणार, मी ओळखलं.

त्याच सुमारास त्यांच्या इमारतीतले एक गृहस्थ गेले. अंत्यविधीला कुणाला जाता आलं नाही, नंतर भेटायलाही नाही. ताईंनी त्यांच्या मुलीला फोन लावला, बराच वेळ तिला बोलतं ठेवलं आणि संध्याकाळी चार ओळी लिहून, स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवल्या. ते गृहस्थ जिन्यातले उगाच जळणारे दिवे बंद करत हिंडायचे, एवढंच होतं त्यात. ती मुलगी ते रात्रभर ऐकत राहिली म्हणे. मग बिबवेवाडीहून कुणीतरी ताईंना विचारलं, मग कोथरूडहून. त्या कुणालाच नाही म्हणाल्या नाहीत. आपलं नावही कधी सांगायच्या नाहीत.

बिननावाच्या कवितेचाही मत्सर वाटू शकतो, हे मला तेव्हा कळलं. मी फोन करून म्हणालो, ‘‘ताई, ओळी चांगल्या आहेत, पण मात्रा जुळत नाहीत हो.’’

‘‘असेल जी. रडताना मात्रा मोजणारे तुम्हीच पहिले.’’

दुसऱ्या लाटेत माझा थोरला भाऊ गेला. दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला. ‘‘भाऊजी, त्या तुमच्या मंडळातल्या ताईंना विचाराल का, यांच्यावर चार ओळी लिहायला?’’

घरातला कवी मी. सख्खा भाऊ माझा. आणि मला निरोप्याचं काम! दुपारभर स्वतःच लिहायला बसलो. वटवृक्ष आला, सावली आली, आधारवड आला. कागद फाडला आणि ताईंना फोन लावला.

‘‘कसे होते भाऊ?’’

‘‘प्रेमळ. सगळ्या कुटुंबाचा आधार.’’

‘‘हे कोणाच्याही भावाचं झालं जी. तुमच्या भावाचं सांगा.’’

मी चिडलो. ‘‘काय सांगायचं? घड्याळ मुद्दाम पुढे लावायचा आणि तरीही सगळीकडे उशिरा पोचायचा. वहिनी चहा करून बसायच्या आणि हा नुसता ‘आलोच, आलोच’...’’ आणि पुढे मला बोलता येईना. ताई फोनवर होत्या.

संध्याकाळी त्यांच्या आवाजात ओळी आल्या:

घड्याळ पुढे लावूनही उशिरा तो यायचा,
गार झाला चहा तरी ‘आलोच’ म्हणायचा;
आज मात्र न सांगता आधीच की निघाला,
चहा अजून गरम आहे, रागावू कुणाला?

दवाखान्यातून निरोप आल्यापासून वहिनी रडल्या नव्हत्या. त्या आधी हसल्या, मग खूप रडल्या. मला बरं वाटलं आणि त्याच वेळी आत काहीतरी जळलं. घड्याळ मी सांगितलं, चहा मी सांगितला. कविता तेवढी त्यांची झाली.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा ताई भाचीकडे यवतमाळला कायमच्या निघाल्या. वाकडेवाडीच्या एसटी स्थानकावर सोडायला मीच गेलो होतो.

‘‘तिकडे लिहाल ना?’’ मी विचारलं.

‘‘आता लोकं पुन्हा एकमेकांच्या घरी भेटायला जाऊन राहिले. माझ्या ओळी कशाला लागतात?’’

बाकावर शेजारी बसलेली एक बाई चमकून वळली. ‘‘अहो, आपला आवाज... आपण माझ्या आईवर लिहिलं होतं का?’’ आणि उत्तराची वाट न बघता ती त्या चार ओळी म्हणू लागली. एकही शब्द चुकला नाही. माझी एक ओळ अशी कुणाला पाठ नाही; खरं सांगायचं तर मलाही नाही. ताईंनी तिचा हात हातात घेतला. मी दोघींच्या पिशव्या धरून उभा होतो.

बस हलली. ती दिसेनाशी होईपर्यंत ती बाई हात हलवत राहिली. मग डोळे पुसून तिने मला विचारलं, ‘‘आपण कोण त्यांचे?’’

‘मीही कवी आहे’ असं अगदी तोंडाशी आलं होतं.

‘‘ओळखीचा,’’ म्हणालो, आणि स्वारगेटच्या बसच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.