पीटी मॅडमची सायकल

रेवा आणि छोट्या,

मागच्या महिन्यात रेवाचा फोटो आला. चिखलानं माखलेली रेवा, आणि शेजारी पुढेही शॉक अब्सॉर्बर, मागेही शॉक अब्सॉर्बर असलेली नवी सायकल. खाली लिहिलं होतं, "आजी, ही साधी सायकल नाही. तुला नाही कळणार."

मला कळतं. मागच्या शॉकमध्ये बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे हवा भरावी लागते. तिच्यासाठी हाताएवढा वेगळा पंप असतो. तो काढताना फुस्स आवाज येतो तो पंपातल्या हवेचा असतो, शॉकमधल्या नव्हे, त्यामुळे घाबरायचं नसतं. हे सगळं मी जिच्याकडून शिकले ती आमची शेजारीण नागपूरला वारली. तुझा फोटो आणि ती बातमी एकाच आठवड्यात आली. तुम्ही दोघांनी तिला कधी पाहिलं नाही, आणि आता पाहणं होणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तिला डोळ्यांपुढे आणायचं तर आमच्या गल्लीचं तोंड आणा. तिथं ती सायकलवरून न उतरता एक पाय जमिनीला टेकायची, मान जराशी कलती करायची आणि जो कोणी दिसेल त्याला विचारायची, "शिफ्ट आत गेली का जी?"

भिलाईत हा प्रश्न कोणाला चमत्कारिक वाटत नाही. पोलादाच्या कारखान्याची शिफ्ट बदलते तेव्हा गेटकडे जाणारे रस्ते सायकली आणि स्कूटरींनी भरून वाहतात. शिफ्ट आत गेली की तेच रुंद रस्ते असे रिकामे होतात की झाडाचं पान पडलेलं ऐकू यावं. आम्ही इथली माणसं घड्याळापेक्षा शिफ्टवर चालतो. दूध, भाजी, पाहुण्याला स्टेशनवर सोडणं, सगळं शिफ्ट पाहून. ती मात्र हे जरा जास्तच पाहायची. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

आम्ही एकाच शाळेत होतो. मी इंग्रजी शिकवायची, ती खेळ घ्यायची. सगळ्या गावाची ती पीटी मॅडम. मूळची नागपूरकडची, वडील दुर्गला रेल्वेत होते. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईला सांभाळलं, मग त्याच घरात एकटी राहिली. भाऊ नागपूरला. ती माझ्याहून लहान, म्हणून मला ताई म्हणायची, पण मान देण्याचं काम तेवढ्यावरच संपायचं.

"ताई, तुमचं इंग्लिश पोरं विसरून जातील," ती स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणायची. "माझी शिट्टी नाई विसरणार."

ते खरंच होतं. रिटायर झाल्यावरही ती शिट्टी तिच्या गळ्यात असायची. सायकलला घंटी नव्हती. चौकात पोहोचली की शिट्टी वाजवायची, आणि बँकेतला मॅनेजरही दचकून रांगेत उभा राहिल्यासारखा ताठ व्हायचा.

सायकल आली ती रिटायर झाल्यानंतर. रायपूरहून मोठ्या खोक्यात आली. आम्ही सगळे बघायला जमलो. समोरचे काका, जे कारखान्यात हेडक्लार्क होते आणि रिटायर झाल्यावरही प्रत्येक गोष्टीवर शेरा मारायचे, म्हणाले, "या वयात उड्या मारायची सायकल?"

"मी नाई मारत जी उड्या. सायकल मारते. मी आपली वर बसून राहते."

"फार भारी दिसते."

"भारी नाई, बीचवाली हाये. स्वस्तातली लवकर मरते आन भारीतली आपल्याले मारते."

बीचवाली, म्हणजे मधल्या किमतीची, घेण्यामागे तिचा हिशेब असा की सांगाडा चांगला घ्यायचा आणि बाकीचं एकेक करून बदलायचं. तसं तिनं बदललंही. आधी टायर गेले, त्यांच्या जागी रुंद, बिनट्यूबचे आले. मग हँडल रुंद आलं. मग ब्रेक बदलले. नवे ब्रेक एका बोटानं दाबले तरी सायकल जागच्या जागी उभी राहायची. मग एक अजब गोष्ट आली: हँडलवरची कळ दाबली की बसायची सीट आपोआप खाली जायची, म्हणजे दोन्ही पाय लगेच जमिनीला लागतात. ती पहिल्यांदा दाखवताना तिनं मला बसवलं, कळ दाबायला लावली, आणि मी साडीसकट अशी खाली गेले की काकांनी टाळ्या वाजवल्या.

कॅम्प-1 या वस्तीतला सायकलवाला तर तिला पाहिलं की हात जोडायचा. "मैडम, इसमें सब सामान तो मोटरसाइकिल का है. मोटर लगाना भूल गए क्या?" शेवटी ती स्वतःच सगळं करायला लागली. पाहून कमी, चाचपून जास्त. व्हरांड्यात सतरंजी टाकायची, चाक मांडीवर घ्यायची आणि बोटांनी स्पोक तपासत बसायची. लोकांना वाटायचं, बाईला म्हातारपणी नाद लागला. मलाही तसंच वाटायचं.

एका दुपारी मी चहा घेऊन गेले. ती मागच्या शॉकमध्ये हवा भरत होती. पंप खाली ठेवला आणि दुसरं काहीतरी घट्ट केलं, मग पंपासाठी हात पुढे केला. पंप तिच्या उजव्या गुडघ्याशी होता. ती सतरंजीवर तळवा फिरवत राहिली. डावीकडे, पुढे, पुन्हा डावीकडे.

"अगं, हा काय, गुडघ्याशी आहे," मी म्हटलं.

तिनं मान पूर्ण वळवली, तेव्हा तिला तो दिसला. 

"बाजूचं नाई दिसत, ताई," ती म्हणाली. "समोरचं दिसते. नळीतून पाहून राहिल्यावानी. काचबिंदू हाये. गेलेली नजर वापस येत नाई म्हणते डॉक्टर. थेंब टाकून राहिली, हाये थेवढी राहावं म्हणून."

मग सगळ्या वस्तूंचा अर्थ एकदम माझ्या लक्षात आला. खालचा खड्डा दिसत नाही, म्हणून खड्डा गिळणारी सायकल. कडेचा दगड दिसत नाही, म्हणून रुंद टायर. काही अचानक पुढ्यात आलं तर थांबता यावं, म्हणून ते ब्रेक. आणि तोल जायच्या आत पाय टेकावे, म्हणून ती खाली जाणारी सीट. नजर जितकी आत सरकत होती तितकं ती सायकलीला काहीतरी नवं लावत होती.

"भावाला सांगितलंस?"

"नाई. आन तुमी बी सांगायचं नाई."

भाऊ वाईट नव्हता, हे तुम्ही लक्षात ठेवा. उलट फार मायाळू. आई गेली तेव्हाच त्यानं सांगितलं होतं, तुला एकटीला जमेनासं झालं की त्या दिवशी मी येऊन घेऊन जाईन. त्याच्या घरी तिच्यासाठी खोलीही होती. पण तिला तिचं घर सोडायचं नव्हतं. दारातला कडुनिंब, मरोदा टँक या तलावापर्यंतचा कच्चा रस्ता, चौकात नमस्कार करणारे तिचे टक्कल पडलेले विद्यार्थी, हे सगळं तिला हवं होतं. तिला भिलाईत राहायचं होतं, बस.

"सायकल सोड. रिक्षानं जा," मी म्हटलं.

"रिक्षात बसली का भाऊ विचारीन, कावून? सायकलचा फोटो पाठवला का म्हणते, वा बहीण! नवीन ब्रेक पाहिले का त्याले महिनाभर चिंता नाई."

"आणि कोणाला धडकलीस तर?"

या प्रश्नावर ती चिडली. "मी काय येडी हाव? गर्दीत जाते का मी कधी? शिफ्ट आत गेल्याबिगर फाटकाबाहेर चाक काढत नाई. मोकळ्या रस्त्यावर समोरचं दिसलं का झालं."

आम्ही त्यावर बरेच दिवस भांडलो. मी तिच्याशी बोलणं टाकलं, तिनं माझ्या दारात येऊन शिट्टी वाजवली. मी दार उघडलं तर म्हणाली, "अबोला पूर्ण झाला का जी? चहा टाका." एवढं मात्र तिनं माझ्यासाठी कबूल केलं की वेग वाढवणार नाही आणि मुख्य रस्ता ओलांडताना उतरून चालेल.

मग विश्वकर्मा पूजेचा दिवस आला.

तो आमच्या गावाचा मोठा सण. प्रत्येक मशीनची, प्रत्येक हातोडीची पूजा होते. तिनंही सकाळी सायकल धुतली, हँडलला झेंडूची माळ घातली, दोन्ही शॉकना हळदकुंकू लावलं. गाडीची पूजा झाली की एक चक्कर मारायची असते, तशी तीही निघाली. त्या दिवशी तिनं गल्लीच्या तोंडाशी कोणाला काही विचारलं नाही. तिचा विचार सरळ होता: सण आहे, जनरल शिफ्ट नाही, म्हणजे रस्ता मोकळा.

पण त्या दिवशी कारखान्याचं गेट घरच्यांसाठी उघडतं. बाबा कुठे काम करतात ते पाहायला बायका-मुलं नवे कपडे घालून निघतात. ज्या वेळी रस्ता रोज ओस पडलेला असतो, नेमका त्याच वेळी तो भरतो. नोकरीत असताना दर वर्षी त्या दिवशी ती शाळेच्या बसमधून मुलांना घेऊन पहाटेच आत गेलेली असायची. रिटायर झाल्यावर तो दिवस घरच्या पूजेत जायचा. त्या दिवशीचा बाहेरचा रस्ता तिनं कधी पाहिलाच नव्हता.

आरडाओरडा ऐकून मी स्वयंपाक टाकून धावले. वळणावर एक स्कूटर आडवी होती. स्कूटर उजवीकडून, मॅडमला न दिसणाऱ्या बाजूनं आली होती. पाच-सहा वर्षांची एक मुलगी गुलाबी फ्रॉकमध्ये रस्त्यावर बसून रडत होती, हनुवटीतून रक्त येत होतं. पीटी मॅडम सायकलजवळ उभी होती. तिला खरचटलंही नव्हतं. तिच्या सायकलीनं तिला नीट वाचवलं होतं.

मुलीचा बाप हेल्मेट काढत ओरडला, "अंधी हो क्या? दिखता नहीं?"

मग त्यानं चेहरा पाहिला आणि त्याचा आवाजच उतरला. "मैडम, आप?" तो तिच्या पायाशी वाकला. "माफ करना मैडम, पहचाना नहीं. गलती मेरी है, मैं ही जल्दी में था."

चूक त्याची नव्हती. ते तिला माहीत होतं, मलाही. मुलीला आम्ही दवाखान्यात नेलं, दोन टाके पडले, बाकी सुखरूप. तो बाप दवाखान्यातसुद्धा मॅडमसाठी खुर्ची शोधत होता.

घरी येऊन ती व्हरांड्यात बसली. झेंडूची माळ अजून हँडलला होती.

"त्यानं दोन शिव्या अजून दिल्या असत्या न ताई, तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "पहिलं जे बोलला, थेच खरं होतं."

मग तिनं फोन उचलला. मी उठायला लागले तर तिनं हातानंच बसवलं. "दादा," ती म्हणाली, "मले घ्याले ये." पलीकडून तो बरंच काही विचारत असावा. तिनं त्याला सगळं सांगितलं, डोळ्यांचं, सायकलचं, मुलीचं. सांगताना एकदाही रडली नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "थोच रडून राहिला होता. मलेच त्याले समजवा लागलं."

घर आवरायला फार दिवस लागले नाहीत. एकट्या माणसाचं सामान किती असणार? कपाटं शेजाऱ्यांकडे गेली, भांडी कामवालीकडे. सायकल विकत घ्यायला लोक आले, कॅम्प-1 चा सायकलवाला स्वतः आला. तिनं कोणालाही दिली नाही. भाऊ म्हणाला, "नागपूरले घेऊन चाल, अंगणात उभी राहील."

"नागपूरची गर्दी कधी आत जाते?" तिनं विचारलं. भावाला प्रश्नच कळला नाही.

सायकल तिनं स्वतः ढकलत माझ्याकडे आणून ठेवली. दुर्ग स्टेशनवर मी सोडायला गेले. प्लॅटफॉर्मवर तिनं पहिल्यांदाच सगळ्यांसमोर माझा दंड धरला आणि सोडला नाही. गाडी आली तेव्हा भावानं तिचा दुसरा हात धरला, मग तिनं माझा सोडला.

नागपुरात ती काही वर्षं राहिली. मजेत नव्हती, दुःखीही नव्हती. असं तिचंच म्हणणं. फोन करायची तो बरोबर दुपारची शिफ्ट आत गेल्यावर. पुढे पुढे समोरचंही दिसेनासं झालं. मग तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली.

तेराव्यानंतर भावाचा फोन आला. मला वाटलं सायकलबद्दल विचारायला केला असेल. तसंच होतं, पण वेगळं. म्हणाला, "ताई, सायकल आहे ना अजून? कोणी नवीन माणूस घरी आला, की ती सांगायची, मी भिलाईची. भिलाईत कोण आहे तुमचं, असं विचारलं की म्हणायची, माझी सायकल हाये थितं."

तिच्या घरात आता दुसरे लोक राहतात. चांगले आहेत. त्यांनी कडुनिंब काढून गाडीसाठी शेड टाकली. आमच्या शाळेत मुलं फार थोडी उरली आहेत आणि खेळाचा तास नाही. समोरचे काका मुलाकडे पुण्याला गेले.

सायकल माझ्या मागच्या व्हरांड्यात आहे.