एका दुपारपुरत्या फळ्या

चिखलोलीला गटाराच्या पाइपलाइनचं काम चालू होतं आणि मी तिथे सुपरवायझर होतो. पद ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात अधिकार एवढाच, की काम रखडलं की शिव्या मी खायच्या.

चर दोन पुरुष खोल होता. जागा म्हणजे जुनी भातखाचरं, इमारती उठल्या तेव्हा वर डेब्रिज टाकून बुजवलेली. असल्या भरावाच्या भिंती उभ्या राहत नाहीत. दोन्ही बाजूंना जाड फळ्या लावून मध्ये आडवे टेकू ठोकावेत, मगच माणूस खाली उतरवावा. हे मी ठेकेदाराला सांगून सांगून थकलो. तो म्हणायचा, "अरे मुरूम आहे यार, मुरूम उभा राहतो. इतना टेन्शन कायको?" एकदा त्या 'मुरमातून' अख्खी गादी निघाली. ती त्याच्यासमोर नेऊन टाकली, तर म्हणाला, "अजून चांगली आहे की!" पालथ्या घड्यावर पाणी. तरी मी हटलो नाही, भांडत राहिलो, आणि अखेर फळ्या आल्या.

खणायला बारवी धरणाकडच्या पाड्यावरचं एक जोडपं होतं. तो खाली खणायचा, ती वरून दोरीने घमेलं ओढायची. फळ्या लागल्यापासून तो उतरण्याआधी फळीवर एक थाप मारायचा, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. मला ते फार आवडायचं.

मग भूमिपूजन आलं. काम निम्मं झाल्यावर भूमिपूजन, ही आपल्याकडची रीतच. पुढाऱ्याची तारीख मिळेल तेव्हा भूमी पुजायची. त्या सकाळी मांडववाल्याला स्टेजसाठी फळ्या कमी पडल्या आणि ठेकेदार माझ्याकडे आला. "तुझ्या दे. एका दुपारचा तर प्रश्न आहे."

"मग खणणं बंद ठेवतो," मी म्हणालो.

"बंद कसं ठेवतो? पुढारी येणार, काम चालू दिसलं पाहिजे!"

इतके दिवस भांडणारा मी, त्या सकाळी भांडलो नाही. कंटाळलो होतो. मीच उभा राहून फळ्या सोडवल्या.

तो उतरायला आला. थाप मारायला फळी नव्हती. त्याने नुसता मातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "सायेब, फल्या?"

"दुपारनंतर लावतो. तोवर जपून, कडेकडेनं कर."

कडेकडेनं! दोन हात रुंद चरात कड कुठली असते? पण मी तसं बोललो आणि तो उतरला.

नारळ फुटला, भाषण सुरू झालं. मी स्टेजपाशी हाराचं ताट धरून उभा होतो. तेवढ्यात तिची किंकाळी आली. धावत गेलो, तर एका बाजूची भिंत खाली बसली होती आणि तो छातीपर्यंत मातीत होता. ती आत उडी मारून हातांनी माती उकरत होती. जेसीबीवाल्याने मशीन सुरू केलं, त्याला मी ओरडून थांबवलं. त्या बकेटने माणूसच कापला असता. समोरच्या भिंतीलाही तडा गेला होता. आम्ही स्टेजवर चढलो, खुर्च्या लोटल्या, गालिचा फाडला, फळ्या उपसल्या आणि त्या भिंतीला लावल्या. एवढं करायला किती वेळ लागला असेल? भाषणाला लागला त्याहून कमी. मग घमेल्यांनी माती काढून त्याला वर घेतलं.

तो जगला. कंबर मोडली. कागदावर ठेकेदाराने कारण लिहिलं, 'मजुराचा निष्काळजीपणा'. त्यावर सही करायला मी नकार दिला, एवढीच माझी मर्दुमकी. सहीवाचूनही कागद पुढे गेला.

महिन्याभराने पाड्यावर गेलो. तो ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. मी आलो तसा जरा सरळ व्हायला गेला, पण त्याला जमलं नाही. तिने मला पाणी दिलं आणि समोर बसली.

"सायेब, फल्या व्हत्या ना आपल्याकडं?"

"होत्या," मी म्हणालो.

"मंग?"

मी हातातलं पाणी प्यायलो नाही. तोही भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत होता, त्या सकाळी पाहत होता तसाच.