मनालीचा स्वेटर आणि तेलगावची म्हैस

मंडळी, मनाली फिरून पुण्याला जाताना आज गावी, तेलगावला थांबलो.

वडिलांना, म्हणजे दादांना, आम्ही सोबत नेलं नव्हतं. त्यांच्याशिवाय म्हैस कुणाला धार काढू देत नाही ना.

त्यांच्यासाठी आणलेला लोकरीचा स्वेटर त्यांनी भर उन्हातच अंगात घातला. आमचा बर्फातला व्हिडिओ परत परत बघत बसले.

"लई गार असंल न्हाई तिथं?"

संध्याकाळी शेजारच्या काकू बादली घेऊन आल्या आणि म्हशीखाली बसल्या. म्हैस हललीसुद्धा नाही.

"गेल्या उन्हाळ्यापास्नं मीच काढते की," काकू म्हणाल्या. "दादांच्या बोटात जोर कुठं ऱ्हायलाय?"

मी दादांना विचारलं, "मग तुमी बोलला कावून न्हाई?"

"तू चल म्हणलाच न्हाईस."

स्वेटर अजून अंगातच आहे. तुमच्या घरी असं कोण मागं राहिलंय?