चौथा हात

आत्याचा हात बारीक कामाला सरावलेला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काड्यांचे स्क्रू पिळायचे, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, यातच तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

लहानपणी ती आणि तिचा धाकटा भाऊ जेवणाच्या टेबलावर अंतराळातल्या लढाया खेळायचे. त्या खेळातला परग्रहावरचा एक शिपाई तिला माळ्यावरच्या डब्यात सापडला. अंगठ्याएवढा, शिशाचा, चार हातांचा. रंगाचे टवके उडाले होते. भावाच्या वाढदिवसाला हा नव्यासारखा करून द्यायचा, असं तिनं ठरवलं आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

तिच्या सुट्टीच्या दिवशी भाऊ आणि वहिनी लेकीला तिच्याकडे ठेवून कामावर जात. ठमी दीड वर्षांची, हातापायांनी चपळ. ती झोपली की आत्या ब्रश काढायची. त्या दुपारी जुना रंग खरवडून झाला होता, करडा अस्तराचा थर वाळला होता आणि खांद्यांवर निळा चढत होता. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. शेजाऱ्यांचं पार्सल होतं. सही करून ती परतली, तर जागी झालेली ठमी खुर्चीवर चढून टेबलाशी उभी, आणि तोंड हलतंय.

आत्यानं बोट घालून तोंड तपासलं. आत काही नव्हतं. ओठाला निळा रंग लागला होता. शिपाई आडवा पडला होता आणि त्याला तीनच हात होते.

गुडघ्यांवर बसून तिनं फरशी चाचपली, सतरंजी झटकली, ठमीचे कपडे उलटे केले. हात भाताच्या शितापेक्षा थोडाच मोठा, कुठंही गेला असेल. ठमीला मात्र हा खेळच वाटला. ती खिदळत होती.

उद्या आपोआप बाहेर पडेल, कुणाला कळणारही नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण लहानपणी खेळून झालं की वडील दोघा भावंडांना साबणानं हात धुवायला लावायचे, ते शिशामुळेच. तिनं फोन उचलला. नंबर लावताना बोट दोनदा चुकलं.

"वहिनी, ठमीनं काहीतरी गिळलंय."

"काय गिळलंय, ताई?"

"शिशाचा तुकडा. मी खेळणं रंगवत होते. मी दार उघडायला गेले."

मग वहिनी म्हणाली, "दवाखान्यात न्या. मी तिथंच येते."

एक्स-रेत पोटाच्या जागी पांढरा ठिपका दिसला. नीट पाहिलं तर त्याला कोपरही होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिनं शेवटचं कधी खाल्लं?" मग त्या म्हणाल्या, "वाट बघत बसायला नको. शिसं पोटातल्या आम्लात विरघळतं. गुंगी देऊन दुर्बिणीनं काढू."

इवल्याशा जिवाला गुंगी, आत्याला वाटलं. वहिनी कागदावर सही करत होती. तिनं आत्याकडे पाहिलं नाही. धापा टाकत आलेला भाऊ दोघींच्या मधल्या खुर्चीवर बसला.

"कुठलं खेळणं?" त्यानं हळूच विचारलं.

"तुझा चार हातवाला."

तो हसणार होता, पण बायकोचा चेहरा पाहून थांबला. आत्याची नजर बंद दारावरून हलत नव्हती. आतून काहीतरी धातूचं वाजलं की ती उठून उभी राही.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या हातात छोटी बाटली होती. "निघाला. रक्त तपासू, महिन्याभरानं पुन्हा तपासू." पहिल्या तपासणीत शिसं थोडं वाढलेलं निघालं, दुसरीत उतरलं. त्या मधल्या महिन्यात आत्याला धड झोप लागली नाही.

त्या काळात वहिनीनं ठमीला तिच्याकडे सोडलं नाही. नंतर एका सकाळी मायलेकी दारात उभ्या राहिल्या. आत येताच वहिनीनं खुर्ची ओढून टेबल पाहिलं, खाली वाकून पाहिलं.

"मी सगळं टाकलं, वहिनी. ब्रशसुद्धा."

"मी काही बोलले का, ताई?"

"नाही. म्हणून तर भीती वाटते."

वहिनीनं लेकीला तिच्या कडेवर दिलं. "दूध दहाला देत जा," एवढंच म्हणून ती निघाली.

दार लागलं, आणि ठमीचं तोंड हलताना दिसलं. आत्यानं घाबरून बोट आत घातलं. बिस्किट होतं. ठमी तिच्या बोटाला कडकडून चावली.