मास्तरांच्या कोटातलं पॅड

आमच्या गल्लीतल्या टेलर मास्तरांना एकाच गोष्टीचा गर्व: आपली नजर मापात चुकत नाही. त्यांच्या जुळ्या मुली इतक्या सारख्या, की मास्तर माप एकीचंच घेत आणि कपडे दोघींचे बेतत. घरात त्यांना आधीची आणि नंतरची म्हणत. अंतर अकरा मिनिटांचं, पण आधीची त्या अकरा मिनिटांवर अजून थोरलेपणा गाजवते.

तेराव्या वर्षी शाळेचे नवे गणवेश शिवले. आधीचीचा चोख बसला. नंतरचीचा स्कर्ट एका बाजूने चांगला बोटभर खाली.

"चष्म्याचा नंबर वाढलाय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कापडच लबाड आहे," मास्तर म्हणाले.

उसवला, पुन्हा शिवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मास्तरांनी ती बाजू गुपचूप वर दुमडून टीप मारली. स्कर्ट सरळ झाला, मुलगी तशीच राहिली. आठ महिने. शेवटी शाळेतल्या तपासणीत तिला पुढे वाकायला सांगितलं, तेव्हा पाठीची एक बाजू उचललेली दिसली. मणक्याला बाक होता.

मग घरात जुंपली.

"तुमच्याच घराण्यातलं हे!"

"माझ्या? तुझा मामा बघ, कसा कलंडून चालतो!"

"तो पिऊन कलंडतो!"

मी मुद्दाम ऐकलं नाही हो. खिडकी माझीच होती.

हाडांच्या डॉक्टरबाईंनी दोघींना तपासलं. बाक आधीचीलाही निघाला, पण अगदी थोडा.

"दप्तरानं किंवा बसण्यानं नाही होत हे," त्या म्हणाल्या. "बरंचसं रक्तातून येतं. अशा हुबेहूब जुळ्यांत एकीला असला की दुसरीलाही असण्याचा संभव मोठा. पण असेलच असं नाही, आणि असला तरी तेवढाच असेल असंही नाही. मोठीवर नुसतं लक्ष ठेवू. धाकटीला मात्र वाढ थांबेपर्यंत ब्रेस, म्हणजे पाठीला आधार देणारा कडक पट्टा." मग त्यांची नजर बापाकडे वळली. "मास्तर, कोट काढून जरा वाका बघू."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. त्यांच्या कोटाच्या डाव्या खांद्यात पहिल्यापासून जाड पॅड होतं. मशीनवर बसून खांदा उतरतो, असं ते सांगत.

बाहेर आल्यावर मास्तरीणबाईंनी एवढंच विचारलं, "लग्नातही पॅड होतं का हो?"

ब्रेस आला. नंतरचीने तो कपाटावर फेकला. "कपड्यांतून दिसतो! तिला नाही, मग मलाच का?"

मास्तर समजावून थकले. चौथ्या दिवशी त्यांनी दुकानात बसून कोट उसवला, पॅड काढलं, आणि तोच कोट चढवून भरबाजारातून घरी आले. एक खांदा खाली.

"बाबा, तुमचा खांदा पडला!" नंतरची ओरडली.

"पडला नाही. होता तिथेच आहे."

नंतरचीने कपाटावरून ब्रेस खाली काढला. "यावरून बसेल असा शर्ट शिवाल?"

मास्तरांनी टेप काढला. सवयीने आधीचीच पुढे येऊन उभी राहिली.

"तू सरक," मास्तर म्हणाले. "तुझं नंतर."